अपडेटनंतर फिजिक्स मॉड बिघडला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस, कपडे, रॅगडॉल (मेलेल्या पात्राचं लुळं शरीर), गाडीचं सस्पेन्शन, तुटणाऱ्या भिंती. यांची हालचाल बदलणारे मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले बदल, गेमच्या अपडेटनंतर सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट बिघडतात. मदत मागायला येणाऱ्यांपैकी बरेच जण तोवर गेम काढून पुन्हा टाकून बसलेले असतात, आणि त्या भानगडीत मुख्य पुरावा असलेला लॉगच (गेम चालताना काय घडलं त्याच्या नोंदीची फाइल) पुसला गेलेला असतो. म्हणून एक आग्रह सुरुवातीलाच धरतो: हात घालण्याआधी नेमकं काय बदललं ते शोधा. गेमची मुख्य फाइल बदलली, मॉड लोड करणारा लोडर मागे राहिला, की फिजिक्स ज्या गतीनं मोजलं जातं ती गती बदलली? फिजिक्स मॉडचे बहुतेक बिघाड या तिघांपैकी एका ठिकाणी सापडतात. खालची उत्तरं पीसीवरच्या गेमसाठी आहेत.

काल मॉड चालत होता, आज गेम उघडतच नाही. पहिलं काम कोणतं?

सेव्ह फाइल्सचं फोल्डर कॉपी करून दुसरीकडे ठेवा. त्यानंतर लॉगचं फोल्डरही कॉपी करा, कारण बरेच लोडर प्रत्येक वेळी गेम सुरू करताना जुना लॉग खोडून नवा लिहितात. मग गेमची आवृत्ती कागदावर टिपून ठेवा.

एवढं होईपर्यंत कोणताही मॉड काढू नका, नवा टाकू नका आणि स्टीमवर फाइल तपासण्याचं बटणही दाबू नका. ते बटण उपयोगी आहे, पण त्याचं काम मूळ फाइल परत आणण्याचं आहे. गेमच्या स्वतःच्या फाइलवर थेट बदल करून बसवलेला मॉड त्यात गुपचूप पुसला जातो, आणि मग मूळ दोष काय होता ते कळायला मार्ग उरत नाही.

टेक्श्चरचे, आवाजाचे मॉड ठीक चालतात. फिजिक्सचेच का बिघडतात?

टेक्श्चरचा मॉड म्हणजे नुसती फाइल. गेम ती ठरलेल्या जागेवरून उचलतो, त्याला पुढचं काही माहीत असावं लागत नाही. फिजिक्सचा मॉड मात्र बहुतेक वेळा कोड असतो, आणि तो चालू गेमच्या मेमरीत शिरून काम करतो. प्रत्येक फ्रेमला फिजिक्सची गणना करणारं फंक्शन मेमरीत अमुक पत्त्यावर आहे, तिथे मला मध्ये घुसू द्या, असं त्याचं म्हणणं असतं. गेमच्या कर्त्यांनी मेनूतलं एक बटण जरी बदललं आणि मुख्य फाइल नव्यानं बांधली, तरी ते पत्ते सरकतात. मॉड जुन्या पत्त्यावर जातो, तिथे भलतंच काही असतं, आणि गेम कोसळतो. म्हणजे अपडेट फिजिक्सबद्दल नसलं तरी फिजिक्सचा मॉड मोडतो.

स्कायरिम या गेमच्या स्पेशल एडिशनचं उदाहरण बोलकं आहे. ११ नोव्हेंबर २०२१ला अॅनिव्हर्सरी एडिशनबरोबर मुख्य फाइल १.५.९७वरून १.६ मालिकेत गेली. ती नव्या कंपायलरनं (लिहिलेल्या कोडची चालती फाइल बनवणाऱ्या साधनानं) बांधलेली होती, त्यामुळे पत्ते सरकलेच, शिवाय काही छोटी फंक्शन्स मोठ्या फंक्शन्समध्ये विरघळून गेली. ज्याला धरून मॉड उभा होता ते फंक्शन स्वतंत्रपणे उरलंच नाही. असे मॉड नुसते पत्ते सुधारून चालले नाहीत, काही भाग कर्त्यांना पुन्हा लिहावे लागले. पत्त्यांच्या कटकटीवर तिथे ‘अॅड्रेस लायब्ररी’ नावाचा तोडगा आहे. मॉड थेट पत्ता न देता फंक्शनचा क्रमांक देतो आणि लायब्ररीची फाइल त्या आवृत्तीतला खरा पत्ता सांगते. गेम अपडेट झाला की ही लायब्ररीही नवी घ्यावी लागते. १.५ आणि १.६ यांच्या लायब्ररी वेगळ्या आहेत, आणि नेमकं हेच विसरणारे सगळ्यात जास्त भेटतात.

युनिटी या इंजिनवरच्या गेममध्ये पत्त्यांऐवजी नावांवर काम चालतं. मॉड एखाद्या मेथडच्या, म्हणजे फंक्शनच्या, नावाला पकडतो. कर्त्यांनी तिचं नाव बदललं किंवा तिला एक जास्तीचा पॅरामीटर दिला, की पकड सुटते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तर वर्षानुवर्षं आतली नावं मुद्दाम अगम्य केलेली असायची आणि दर आवृत्तीला बदलायची. ‘फॅब्रिक’सारख्या लोडरनी मधला एक स्थिर नावांचा थर उभा केला तो याच कारणासाठी.

गेमची नेमकी आवृत्ती कुठे बघू?

गेमच्या मुख्य फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. मेनूच्या कोपऱ्यातला आकडा कधी कधी अर्धवट असतो, त्यावर विसंबू नका.

गेम कोणत्या ऑनलाइन दुकानातून घेतला तेही लक्षात घ्या. एकाच गेमची स्टीमवरची आणि जीओजीवरची मुख्य फाइल वेगळी असू शकते. स्कायरिमच्या स्क्रिप्ट एक्स्टेंडरची (एसकेएसई, म्हणजे कोडचे मॉड लोड करणारा तिथला लोडर) जीओजीसाठी वेगळी प्रत मिळते, आणि जीओजीच्या गेमचं सेव्ह आणि लॉगचं फोल्डरही वेगळ्या नावाचं असतं. ‘लॉग तयारच होत नाही’ म्हणणारे कित्येक जण चुकीच्या फोल्डरमध्ये शोधत असतात.

बिघाड कोणत्या जातीचा आहे ते कसं ओळखायचं?

लक्षणावरून. तीन जाती आहेत आणि तिघींचे उपाय एकमेकींना लागू पडत नाहीत.

पहिली: गेम उघडतच नाही, किंवा मुख्य मेनूच्या आधीच बंद पडतो. ही बहुतेक वेळा आवृत्तीची भांडणं. लोडर जुना, प्लगइन (लोडर जी चढवतो ती मॉडची कोडची फाइल) जुनं किंवा अॅड्रेस लायब्ररी जुनी. इथे सेटिंगमध्ये खुडबुड करून काहीही साध्य होत नाही.

दुसरी: गेम उघडतो, खेळता येतो, पण फिजिक्स नाही. केस ताठ, कपडे पुठ्ठ्यासारखे, गाडी पूर्वीसारखीच पळते. याचा अर्थ मॉड लोडच झालेला नाही. आधी साधी शंका घ्या: गेम कुठून सुरू केलात? अपडेटनंतर अनेक जण सवयीनं स्टीमचं ‘प्ले’ बटण दाबतात आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडर बाजूलाच राहतो. स्कायरिममध्ये कन्सोल (आदेश टाइप करायची खिडकी) उघडून ‘गेटएसकेएसईव्हर्जन’ हा आदेश इंग्रजीत एकसलग टाइप करा. आकडा आला तर एक्स्टेंडर चालू आहे, नाही आला तर तोच बंद आहे. तो चालू असूनही केस ताठ असतील तर सांगाडा तपासा. केस आणि कपड्यांच्या फिजिक्सला जादा हाडं असलेला सांगाडा लागतो, आणि दुसऱ्या एखाद्या मॉडनं आपला साधा सांगाडा त्यावर लिहिला की हलायला काही उरत नाही.

तिसरी: फिजिक्स आहे, पण पिसाळलेलं आहे. केस क्षितिजापर्यंत ताणले जातात, खोलीत शिरताच टेबलावरच्या वस्तू उडतात, रॅगडॉल जमिनीवर थरथरत राहतं. मॉड लोड झाला आहे हे इथे उघड आहे, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नाही. बिघाड काळाच्या पायरीत किंवा आकड्यांत आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

लॉगमध्ये हजारो ओळी आहेत. त्यात वाचायचं काय?

सगळं वाचायचं नसतं. स्कायरिममध्ये डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्सच्या फोल्डरात गेमच्या नावाचं फोल्डर आणि त्यात एसकेएसईचं फोल्डर असतं. तिथला स्क्रिप्ट एक्स्टेंडरचा मुख्य लॉग उघडा आणि प्लगइनची यादी सुरू होते तिथे या. प्रत्येक डीएलएलसाठी, म्हणजे प्लगइनच्या फाइलसाठी, एक ओळ असते. ओळीच्या शेवटी ‘लोडेड करेक्टली’ असेल तर ते प्लगइन सोडून पुढे चला. ‘डिसेबल्ड’ दिसलं की थांबा आणि पुढचे शब्द नीट वाचा. ‘इनकम्पॅटिबल विथ करंट व्हर्जन ऑफ द गेम’ असेल तर मॉडची नवी प्रत हवी. अॅड्रेस लायब्ररी अपडेट करा असं लिहिलं असेल तर मॉड शाबूत आहे, फक्त लायब्ररी जुनी आहे. आणि ‘कुडंट लोड प्लगइन’ अशी ओळ असेल तर शेजारचा एरर कोड टिपून घ्या. तो विंडोजचा असतो आणि बरंच काही सांगतो. १२६ म्हणजे ही डीएलएल ज्या दुसऱ्या फाइलवर अवलंबून आहे तीच सापडली नाही. बहुधा व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइम जुना असतो किंवा मॉडला लागणारा दुसरा मॉड टाकायचा राहिलेला असतो. १२७ म्हणजे ती फाइल सापडली, पण हवं ते फंक्शन तिच्यात नाही, म्हणजे दोन मॉडच्या आवृत्त्या जुळत नाहीत. १९३ म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत किंवा अर्धवट उतरलेली फाइल.

फिजिक्स मॉडचा स्वतःचा वेगळा लॉगही बहुधा त्याच फोल्डरमध्ये असतो, तोही बघा.

युनिटीवरच्या गेममध्ये ‘बेपिनएक्स’ या लोडरच्या फोल्डरमधला लॉगआउटपुट उघडा. तिथे ‘मिसिंगमेथडएक्सेप्शन’ किंवा ‘टाइपलोडएक्सेप्शन’ असेल तर अपडेटनं आतलं नाव बदललं, एवढा निष्कर्ष ठामपणे काढता येतो. ‘नलरेफरन्सएक्सेप्शन’वरून मात्र काहीच ठाम सांगता येत नाही, ते शंभर कारणांनी येतं. तिथे त्या ओळीखालच्या यादीत कोणत्या मॉडचं नाव सगळ्यात वर आहे ते बघायचं. केरबल या अंतराळयानांच्या गेममध्ये गेमच्या फोल्डरमध्येच केएसपी डॉट लॉग असतो. माइनक्राफ्टमध्ये लॉग्सच्या फोल्डरात लेटेस्ट डॉट लॉग आणि शेजारी क्रॅश-रिपोर्ट्सचं फोल्डर असतं.

एक सवय लावून घ्या: लॉगमधला पहिला एरर महत्त्वाचा. शेवटचा बहुतेक वेळा त्याचा परिणाम असतो, आणि लोक नेमका शेवटचा कॉपी करून पाठवतात.

केस आणि कपडे रबरासारखे ताणले जातात, वस्तू उडतात. हे का होतं?

इंजिन हालचाल सलग मोजत नाही, तुकड्यातुकड्यांनी मोजतं. या क्षणी वस्तू कुठे आहे, किती जोर लागतोय, तर पुढच्या तुकड्यानंतर कुठे असेल. हा तुकडा म्हणजे काळाची पायरी. पायरी मोठी झाली की ताठ स्प्रिंग पलीकडे झेपावते, परत ओढताना आणखी पलीकडे जाते, आणि काही पायऱ्यांत आकडे हाताबाहेर जातात. पडद्यावर आपल्याला ताणलेले केस दिसतात.

याला साधं गणित आहे. थेट पद्धतीनं मोजलेली स्प्रिंग टिकायची तर तिच्या कंपनाचा कोनीय वेग आणि पायरी यांचा गुणाकार २पेक्षा कमी असावा लागतो. तो कोनीय वेग म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा भागिले वस्तुमान, याचं वर्गमूळ. सेकंदाला ६० पायऱ्या असताना ताठरपणा आणि वस्तुमानाचं गुणोत्तर साधारण १४,४००च्या आत हवं. पायऱ्या ३०वर आल्या की तीच मर्यादा ३,६००वर येते. फ्रेमरेट निम्मा झाला की परवडणारा ताठरपणा चौथाईवर येतो. म्हणूनच अपडेटनं ग्राफिक्स थोडे जड केले, गर्दीच्या ठिकाणी फ्रेम पडल्या, की मॉडला कुणी हात लावलेला नसतानाही केस उधळतात. फ्रेमरेटनुसार पायरी बदलणाऱ्या मॉडमध्ये उपाय दोनच: फ्रेमरेट सावरा, किंवा मॉडच्या सेटिंगमध्ये ताठरपणा कमी करा अथवा एका फ्रेममागच्या उपपायऱ्या वाढवा. उपपायऱ्या वाढवल्या की प्रोसेसरवर भार पडतो, त्यामुळे फ्रेमरेट आधीच पडत असेल तर पहिला उपाय आधी करा.

उलट बाजूही आहे. स्कायरिमचं हॅवोक नावाचं फिजिक्स इंजिन सेकंदाला ६० फ्रेम गृहीत धरून बसवलेलं आहे. फ्रेम १४४वर गेल्या की खोलीत शिरताच भांडीकुंडी उडायला लागतात. सेटिंगच्या आयएनआय फाइलच्या हॅवोक विभागात ‘एफमॅक्सटाइम’ नावाचा आकडा असतो. तो म्हणजे १ भागिले कमाल फ्रेमरेट. ६०साठी ०.०१६७, १४४साठी ०.००६९. मॉनिटर १४४चा असला तरी गेम त्या गतीला टिकत नसेल तर तो आकडा लिहून उपयोग नाही, त्यापेक्षा ६०वर लगाम घाला.

इथे एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. बरेच जण फ्रेमरेटचा लगाम आणि हॅवोकची जुळणी दुसऱ्या एका मॉडवर सोपवतात, आणि तो मॉडही स्क्रिप्ट एक्स्टेंडरचं प्लगइन असतो. अपडेटनंतर तो बंद पडतो, लगाम सुटतो, आणि दोष केसांच्या मॉडच्या माथी येतो. म्हणून वस्तू उडायला लागल्या की आधी फ्रेमरेटचा आकडा पडद्यावर आणा. नेहमीपेक्षा खूप जास्त दिसला तर तुमचा फिजिक्स मॉड निर्दोष आहे.

युनिटीमध्ये फिजिक्सची पायरी फ्रेमरेटपासून वेगळी असते, मुळात ०.०२ सेकंद, म्हणजे सेकंदाला ५०. गेमनं अपडेटमध्ये ती बदलली आणि मॉडनं ०.०२ कोडमध्ये पक्कं लिहून ठेवलेलं असेल, तर सगळं एकाच प्रमाणात जास्त वेगवान किंवा जास्त मंद होतं. सगळीकडे सारखीच चूक दिसली की या कारणाचा संशय घ्यावा.

बीमएनजी या गाड्यांच्या गेममध्ये मॉडची गाडी जागेवरच फुटते किंवा ‘इन्स्टॅबिलिटी डिटेक्टेड’ (अस्थिरता आढळली) असा संदेश येऊन गेम थांबतो.

बीमएनजीची गाडी म्हणजे वजन असलेले बिंदू आणि त्यांना जोडणारे बीम, आणि हे सगळं सेकंदाला २,००० वेळा मोजलं जातं. वरचंच गणित इथे लावा: ताठरपणा आणि वजनाचं गुणोत्तर १ कोटी ६० लाखांच्या आत हवं. अर्ध्या किलोच्या एका बिंदूला एकच बीम असेल तर ८० लाखांपर्यंत ठीक. पण खऱ्या गाडीत एका बिंदूला अनेक बीम येऊन मिळतात, त्यांचा ताठरपणा साचत जातो आणि मर्यादा पुष्कळ खाली येते. जुना मॉड या काठावर उभा असेल आणि अपडेटमध्ये टायर किंवा सस्पेन्शनचे सामाईक भाग बदलले, तर तो काठावरून घसरतो.

करायचं असं. लाँचरमधून सेफ मोडमध्ये गेम सुरू करा आणि मूळ गाडी चालते का बघा. चालत असेल तर कॅश साफ करा, कारण जुनी कॅश आणि नव्या फाइल यांची सरमिसळ नेहमीची आहे. मग एकच मॉड चालू करा. तरीही गाडी फुटत असेल तर सुटे भाग बदलून बघा: मॉडच्या टायरऐवजी मूळ टायर, मॉडच्या स्प्रिंगऐवजी मूळ स्प्रिंग. ज्या भागानं फुटणं थांबलं, त्या भागाच्या जेबीम फाइलमध्ये (बिंदू आणि बीम यांचे आकडे असलेल्या) दोष आहे. स्वतः दुरुस्त करायचा झाल्यास बीमचा ताठरपणा उतरवा किंवा बिंदूचं वजन किंचित वाढवा. डॅम्पिंग (हेलकावे शमवणारा विरोध) बेसुमार वाढवून बघण्याचा मोह होतो, पण तेही एका मर्यादेपलीकडे गाडी फोडतंच.

केरबलमध्ये यान उड्डाणापूर्वीच हेलकावे खातं, किंवा वायुगतिकी दुप्पट लागू झाल्यासारखी वाटते.

केरबलच्या इतिहासात फिजिक्सवाल्यांना हादरवणारी दोन अपडेट झाली. एप्रिल २०१५च्या १.०नं मूळ वायुगतिकीच बदलली. एप्रिल २०१६च्या १.१नं गेम युनिटी ५वर नेला, त्याबरोबर आतलं फिजएक्स हे फिजिक्स इंजिन बदललं आणि चाकांचं वागणंही. त्यामुळे त्याआधीचा कोणताही चाकांचा किंवा हवेचा मॉड आजच्या गेममध्ये टाकू नका, तो चालल्यासारखा दिसला तरी.

आज १.१२ मालिकेवर बिघाड होतो तो बहुतेक मॉडच्याच अपडेटमुळे. गेमडेटाच्या फोल्डरमधली मॉड्यूलमॅनेजरची (इतर मॉडच्या सेटिंग जुळवणाऱ्या मॉडची) कॉन्फिगकॅश फाइल काढून टाका, ती पुढच्या वेळी आपोआप तयार होते. मॉड्यूलमॅनेजरच्या जुन्या डीएलएल साठल्या असतील तर नवी एकच ठेवा. वायुगतिकी बदलणारे दोन मॉड एकत्र ठेवू नका. ‘फेराम’ हा वायुगतिकीचा मॉड वापरत असाल तर तो मूळ वायुगतिकीची जागा घेतो, त्यावर तिसऱ्या कुणाचा हात नको.

जीटीए ५मध्ये हँडलिंगचा मॉड गायब झाला किंवा गेम लोड होताना अडकतो.

हँडलिंगचे आकडे ज्या मोठ्या अपडेट फाइलमध्ये असतात तीच नव्या अपडेटनं बदलली जाते. मूळ फाइलमध्ये बदल केला असेल तर तो पुसला जातो. मॉड्स नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये त्या फाइलची प्रत ठेवली असेल तर उलटी अडचण होते: गेम नवा आणि प्रत जुनी, म्हणून तो अडकतो. नवी फाइल पुन्हा त्या फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि हँडलिंगचे बदल तिच्यात नव्यानं घालायचे. स्क्रिप्ट हूक (जीटीएचे स्क्रिप्ट मॉड चालवणारा लोडर) अनोळखी आवृत्तीची तक्रार करत असेल तर त्याची नवी प्रत येईपर्यंत थांबण्याशिवाय मार्ग नाही.

मॉडच्या पानावर एकाच डीएलएलच्या तीन-चार प्रती आहेत. कोणती घेऊ?

केस-कपड्यांच्या फिजिक्स मॉडमध्ये हे दिसतं: साधी, एव्हीएक्स, एव्हीएक्स २, एव्हीएक्स ५१२. प्रोसेसर ज्या सूचना समजतो त्यानुसार प्रत निवडायची. मोठा आकडा म्हणजे जास्त चांगलं असं समजून ५१२ घेतली आणि प्रोसेसरला ती येत नसेल तर गेम तत्काळ बंद पडतो, काहीही न सांगता. अपडेटच्या गडबडीत मॉड नव्यानं टाकताना चुकीची प्रत निवडली जाणं हे फार सामान्य कारण आहे. खात्री नसेल तर खालच्या पायरीची घ्या. वेगात पडणारा फरक सोसण्यासारखा असतो.

गेमची जुनी आवृत्ती परत आणता येते का?

बऱ्याचदा येते, आणि मॉड्सची मोठी जुळणी असेल तर तोच शहाणपणाचा रस्ता आहे. आधी स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधला बीटाचा विभाग बघा, काही कर्ते जुन्या आवृत्त्या तिथे ठेवतात. नसेल तर स्टीमच्या कन्सोलमधून डेपो (गेमच्या फाइलींचा संच) उतरवता येतो. आदेशापुढे गेमचा क्रमांक, डेपोचा क्रमांक आणि हव्या त्या आवृत्तीच्या मॅनिफेस्टचा क्रमांक द्यायचा. स्कायरिम स्पेशल एडिशनचा गेम क्रमांक ४८९८३० आहे. गेम तुमच्या खात्यात असेल तरच हे चालतं. जीओजी गॅलॅक्सीमध्ये बऱ्याच गेमना मागच्या आवृत्तीवर जाण्याची सोय सेटिंगमध्येच आहे. माइनक्राफ्टला तर लाँचरमध्ये आवृत्ती निवडून नवं इन्स्टॉलेशन केलं की झालं. फक्त जावाकडे लक्ष ठेवा: १.२०.५पासून जावा २१ लागतं.

हे फक्त हौशी खेळाडूंचं दुखणं नाही. फॉलआउट ४चं मोठं अपडेट २५ एप्रिल २०२४ला आलं, आणि ‘फॉलआउट लंडन’ हा प्रचंड मॉड ऐन प्रकाशनाच्या तोंडावर पुढे ढकलावा लागला. तो २५ जुलैला बाहेर पडला, तोही गेमच्या जुन्या आवृत्तीसाठी. वर्षानुवर्षं खपलेल्या लोकांनी ज्या आवृत्तीवर थांबणं पसंत केलं, तिथे थांबण्यात तुम्हाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

जुनी आवृत्ती आणलीत की ती टिकवायलाही हवी. स्टीममध्ये त्या गेमचं अपडेट ‘गेम सुरू केल्यावरच’ असं ठेवा आणि गेम ‘प्ले’ बटणाऐवजी मॉड मॅनेजरमधून, स्क्रिप्ट एक्स्टेंडरच्या लोडरनं सुरू करा. त्याहून भरवशाचं म्हणजे पूर्ण चालत्या फोल्डरची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर.

बिघडलेला मॉड काढून जुनी सेव्ह चालवू का?

मॉड कशानं बनला आहे त्यावर आहे. निव्वळ डीएलएल आणि हाडांच्या हालचालीची सेटिंग असेल तर बहुधा धोका नाही. मॉडबरोबर स्क्रिप्ट असतील तर त्यांच्या नोंदी सेव्हमध्ये मुरलेल्या असतात. मॉड गेला तरी त्या राहतात आणि सेव्ह हळूहळू कुजते. अशा वेळी मॉड टाकण्याआधीची सेव्ह काढा. माइनक्राफ्टमध्ये प्रश्न वेगळा आहे: मॉडनं स्वतःचे ब्लॉक किंवा वस्तू जगात ठेवल्या असतील तर मॉड नसताना ते जग उघडलं की त्या कायमच्या जातात. म्हणून आधी प्रत, मग प्रयोग.

शंभर मॉड आहेत. दोषी कोण ते कसं शोधू?

निम्मे बंद करा. बिघाड गेला तर दोषी बंद केलेल्यांत, राहिला तर चालू असलेल्यांत. पुन्हा त्यातले निम्मे. शंभर मॉड असले तरी सात फेऱ्यांत एकावर येता. एकेक काढत बसलात तर संध्याकाळ जाते. फक्त एकमेकांवर अवलंबून असलेले मॉड एकाच गटात ठेवा, नाहीतर नसलेलाच बिघाड नव्यानं तयार होतो. आणि हे सगळं सेव्हच्या प्रतीवर किंवा नव्या खेळात करा.

दोन मॉड एकत्र असतानाच बिघाड होत असेल तर ही रीत फसते. निम्म्यानिम्म्यात दोन्हीकडे सगळं ठीक दिसलं की तोच संशय घ्या आणि मग फक्त फिजिक्सला हात लावणारे मॉड जोडीजोडीनं तपासा.

ऑनलाइन खेळताना फिजिक्स मॉड ठेवू का?

नाही. अँटी-चीट यंत्रणेला तुमची डीएलएल केसांसाठी आहे की फसवणुकीसाठी, यात फरक करता येत नाही. अपडेटमध्ये नवी अँटी-चीट आली की काल खपलेला मॉड आज खात्यावर बंदी आणू शकतो. सप्टेंबर २०२४मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय ही अँटी-चीट जोडली गेली, तेव्हा मॉड वापरणाऱ्यांना आपली जुळणी नव्यानं तपासावी लागली. मॉडसाठी वेगळी, ऑफलाइन प्रत ठेवा.

कुणीतरी ‘दुरुस्त केलेली’ डीएलएल पाठवली आहे. टाकू का?

मूळ पानावरून आलेली नसेल तर नको. डीएलएल तुमच्या संगणकावर गेमच्या अधिकारानं काहीही करू शकते. जून २०२३मध्ये माइनक्राफ्टचे काही मॉड खुद्द मान्यवर संकेतस्थळांवरच, कर्त्यांची खाती बळकावून, दूषित करण्यात आले होते. अपडेटनंतरचे दिवस अशा प्रकारांना सोयीचे असतात, कारण तेव्हा माणूस उतावीळ असतो. अँटीव्हायरसनं फाइल बाजूला ठेवली तर ती सोडवण्याआधी मॉडच्या पानावर इतरांनाही तसंच झालंय का ते बघा.

मॉडच्या कर्त्याला बिघाड कसा कळवू?

आधी त्याचं पान आणि आधीच्या तक्रारी वाचा, उत्तर तिथे असू शकतं. नसेल तर चार गोष्टी एकत्र द्या: गेमची पूर्ण आवृत्ती आणि दुकान, लोडरची आवृत्ती, मॉडची आवृत्ती, आणि अख्खा लॉग, फोटो नव्हे. शिवाय बिघाड पुन्हा कसा घडवता येतो ते दोन ओळींत. ‘नव्या खेळात, फक्त हा मॉड आणि त्याला लागणाऱ्या गोष्टी असताना, पाण्यात उडी मारली की गेम बंद पडतो’ असं वाक्य कर्त्याचे कित्येक तास वाचवतं. ‘चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ या वाक्यानं काहीच होत नाही. हे लोक मोबदल्याशिवाय काम करतात, आणि प्रत्येक अपडेटनंतर त्यांच्यावर अशा वाक्यांचा मारा होतो.

कर्त्यानं मॉड सोडून दिला आहे. आता?

परवाना बघा. सोर्स कोड खुला असेल तर कुणीतरी पुढे नेलेली प्रत असण्याची शक्यता मोठी आहे. स्कायरिमचं केस-कपड्यांच्या फिजिक्सचं एचडीटी-एसएमपी तसंच जगलं: मूळ कर्त्यानंतर इतरांनी ते हाती घेतलं, वेगवान केलं आणि नव्या आवृत्त्यांना जुळवलं. अशी प्रत सापडली तर जुनी पूर्ण काढून मगच नवी टाका, दोन्हींच्या सेटिंग फाइल एकमेकींत मिसळू देऊ नका.

कोड बंद असेल तर दोन रस्ते. त्या मॉडसाठी गेम जुन्या आवृत्तीवर थांबवायचा, किंवा साधारण तेच काम करणारा दुसरा मॉड शोधायचा. सेटिंगच्या फाइल बऱ्याचदा नव्या मॉडमध्ये थोड्या फेरफारानं नेता येतात, कारण ताठरपणा, डॅम्पिंग, वजन हे आकडे सगळीकडे लागतातच. एकक मात्र तपासून घ्या. एका मॉडमध्ये डॅम्पिंग ० ते १ असतं, दुसऱ्यात ते हजारांत असतं, आणि आकडा जसाच्या तसा नेला तर केस पुन्हा क्षितिजाला टेकतील.